पोलादाला कंठ फुटतो तेव्हा

रेडिओवरचा एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं उरली की निवेदक गप्प होई आणि एक गिटार बोलू लागे. चाल ओळखीच्या सिनेगीताची असे, पण गायक नाही, शब्द नाहीत. स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत नसत, घरंगळत जात. केळीच्या पानावरून पावसाचा थेंब ओघळावा तसे. ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरायचा. तेवढ्यात बातम्यांची वेळ होई आणि ते सूर मध्येच तोडले जात. वाजवणाऱ्याचं नाव क्वचितच सांगितलं जाई.

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हा आवाज लगेच आठवेल. बहुतेक जण त्या वाद्याला नुसतं गिटार म्हणत. जाणकार हवाईयन गिटार किंवा स्टील गिटार म्हणत. आज ते वाद्य वाजवणारे थोडे उरलेत, विकणारे त्याहून थोडे.

रमजानच्या पानावर गिटारचं काय काम, असं कुणाच्या मनात येईल. कारण साधं आहे. या महिन्यात आमच्या घरांत आणि मशिदींत सर्वात जास्त कानावर पडणारा एक शब्द म्हणजे जिक्र. अरबीत जिक्र म्हणजे स्मरण, उल्लेख, नाव घेणं. अल्लाहचं नाव घेणं हा त्याचा पहिला आणि सर्वात मोठा अर्थ. पण ज्यांच्याकडून आपल्याला काही मिळालं त्यांचं नाव घ्यावं, त्यांच्यासाठी दुआ मागावी, हेही याच महिन्याचं वळण. इफ्तारच्या आधीची ती दहा-पंधरा मिनिटं, खजुराची ताटली समोर आहे आणि अजान व्हायची आहे, तेव्हा माणसाला गेलेली माणसं आठवतात. आजचा हा लेख अशाच काही माणसांचं नाव घेण्यासाठी आहे. त्यांनी आपल्याला सूर दिले आणि आपण त्यांची नावं विचारली नाहीत.

पोलाद आणि तार

वडखळच्या वाचकांना पोलाद म्हणजे काय ते सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता फुटतो त्या नाक्यावर उभं राहिलं की डोलवीच्या कारखान्याची धुराडी दिसतात. आपल्याकडे पोलाद म्हणजे ट्रक, कॉइल, शिफ्ट आणि धूळ. त्याच पोलादाचा बोटाएवढा तुकडा हातात धरून कुणी माणसाच्या गळ्यासारखा आवाज काढू शकतो, हे मात्र ऐकल्याशिवाय पटत नाही.

स्टील गिटार हे नाव गिटारच्या पेटीवरून पडलेलं नाही, त्या तुकड्यावरून पडलं आहे. साधी गिटार छातीशी धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तार पडद्यावर दाबतात. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात, त्यामुळे त्या पडद्याला टेकतच नाहीत. डाव्या हातात पोलादी दांडी असते. ती तारेवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून तार छेडायची. पडद्यांनी आखून दिलेल्या ठरावीक जागा इथे नाहीत. सा आणि रे यांच्या मध्ये जेवढी जागा आहे ती सगळी वादकाची. जोखीमही त्याचीच, कारण दांडी केसभर चुकली तर सूर बेसुरा होतो.

आपल्या संगीताला हे वाद्य का भावलं, त्याचं उत्तर इथेच आहे. आपलं गाणं मींडेवर उभं आहे. एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाणं ही आपल्या गळ्याची सवय. पियानोला ते येत नाही, पेटीला येत नाही. स्टील गिटारला येतं. म्हणूनच परदेशातून आलेलं हे वाद्य दोन-तीन दशकांत इथलं झालं.

ते आलं कुठून? हवाई बेटांवरून. तिथल्या ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकू नावाचा मुलगा 1889 च्या सुमारास शाळकरी वयात गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा फिरवू लागला आणि पुढे त्यानं ही पद्धत घडवली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण याच कथेत एक भारतीय नावही येतं. गॅब्रिएल डेव्हियन हा भारतात जन्मलेला खलाशी केकुकूच्या आधीच हवाईत अशा रीतीनं तार वाजवत असे, असं तिथल्या काही जुन्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. हे खरं असेल तर हे वाद्य आपल्याकडे आलं असं न म्हणता परत आलं, असं म्हणावं लागेल. तारेवर गुळगुळीत गोटा किंवा दांडी फिरवून वाजवण्याची रीत आपल्याला नवी नव्हतीच. दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम आणि उत्तरेतली विचित्र वीणा यांचं तंत्र हेच. विचित्र वीणेला मैफलीत आणण्याचं श्रेय उस्ताद अब्दुल अझीझ खाँ यांना दिलं जातं.

आणखी एक गंमत. विजेवर चालणारी जगातली पहिली यशस्वी गिटार 1931-32 मध्ये अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीनं बनवली. गोल, लहानखुरी, लांब दांड्याची. लोक तिला ‘तवा’ म्हणत. ती मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन स्टील गिटारच होती. आज रॉकच्या नावानं ओळखली जाणारी इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली ती या शांत वाद्याच्या पोटी.

नाव घ्यावं अशी माणसं

हवाईयन संगीताच्या मंडळ्या पहिल्या महायुद्धानंतर आशियाभर फिरत होत्या. त्यातला ताऊ मो हा वादक आपल्या कुटुंबासह 1940 च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिला. कलकत्ता हे या वाद्याचं भारतातलं पहिलं घर झालं. बंगालमध्ये घराघरांतल्या मुली हवाईयन गिटार शिकू लागल्या. दुसरं घर झालं मुंबई, कारण तिथे सिनेमा होता.

मुंबईतलं सर्वात लाडकं नाव व्हॅन शिप्ले यांचं. लखनौचे ख्रिस्ती कुटुंबातले हे गृहस्थ. व्हायोलिन वाजवत आणि इलेक्ट्रिक हवाईयन गिटारही. सिनेमाच्या वाद्यवृंदात ते वाजवत होतेच, पण लोकांच्या घरात ते पोचले ते सिनेगीतांच्या चाली गिटारवर वाजवलेल्या तबकड्यांमुळे. त्यांच्या एका तबकडीचं नावच ‘सोनेरी गिटारवाला माणूस’ अशा अर्थाचं होतं. त्यांच्या सोबतीला अनेकदा असत पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स. दोघांनी मिळून तबकड्या केल्या, परदेश दौरे केले. 2008 साली मुंबईत व्हॅन शिप्ले गेले. ज्यांच्या लग्नात, ज्यांच्या गल्लीतल्या गणपतीत, ज्यांच्या चहाच्या हॉटेलात त्यांच्या तबकड्या वर्षानुवर्षं वाजल्या, त्यातल्या किती जणांना ती बातमी कळली असेल?

त्यांच्याच काळात मुंबईत हजारा सिंग होते. शीख, पगडीवाले, मांडीवर गिटार. ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत गिटारची जी मधाळ लकेर मध्येच डोकावते, तिच्यामागे अनेकदा त्यांचा हात असे. कलकत्त्यात सुनील गांगुली होते. त्यांनी सिनेगीतांबरोबर गझलाही या वाद्यावर आणल्या. तिथेच काझी अनिरुद्ध होते, कवी काझी नजरुल इस्लाम यांचे धाकटे चिरंजीव. हे नाव पुन्हा एकदा वाचा. बाप मुसलमान, आई हिंदू, एका मुलाचं नाव काझी सव्यसाची आणि दुसऱ्याचं काझी अनिरुद्ध. बापानं इस्लामी गीतंही लिहिली आणि कालीमातेची श्यामासंगीतंही. वडील आजारपणात मूक झाल्यावर त्यांच्या चाली स्वरलिपीत उतरवून ठेवण्याचं काम या गिटारवादक मुलानं केलं. तो 1974 मध्ये अकाली गेला. वडील तेव्हा हयात होते.

एक ख्रिस्ती, एक शीख, एक हिंदू, एक मुसलमान. कुणी ठरवून ही यादी केलेली नाही. एक वाद्य घ्या आणि ते कुणी वाजवलं एवढंच विचारा, यादी आपोआप अशी होते. आपल्याकडे ऐक्यावर भाषणं पुष्कळ होतात, इफ्तार पार्ट्यांमध्येही होतात. पण ऐक्य खरं दिसतं ते कामाच्या जागी. रेकॉर्डिंगच्या खोलीत सगळ्यांना एकाच षड्जाला जुळवून घ्यावं लागतं. तिथे कुणाचा षड्ज वेगळा नसतो.

या वाद्याला मैफलीच्या बैठकीवर नेलं ते जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे ते शिष्य. हवाईयन गिटारवर फक्त रागसंगीत वाजवायचं, असा त्यांचा निश्चय होता. 1967 साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी आली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांमधून सांगणारी. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि गिटार काब्रांची. तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि या सगळ्यांना एकत्र आणणारे एचएमव्हीचे निर्माते होते जी. एन. जोशी, मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या काळातले गायक. भारतीय अभिजात संगीताच्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत तिची गणना होते आणि तिच्यामागे एक मराठी कान होता, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. काब्रा 2018 मध्ये गेले. त्यांच्या पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा लावून मोहन वीणा घडवली आणि 1994 मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत ग्रॅमी मिळवलं. ते नाव सर्वांना माहीत झालं. आधीची नावं मात्र मागे राहिली.

ती मागे का राहिली? कारण पडद्यावर नावं येत ती संगीतकाराची, गीतकाराची, गायकाची. वादकांची नावं देण्याची पद्धतच नव्हती. सकाळी यायचं, दिलेलं वाजवायचं, दिवसाचे पैसे घ्यायचे, संध्याकाळी दुसऱ्या स्टुडिओत जायचं. ऑकलंड विद्यापीठातले संशोधक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईत येऊन या वादकांना गाठलं, त्यांच्या घरी बसून त्यांच्याकडून जुन्या आठवणी वदवून घेतल्या आणि 2008 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचं नाव ‘अमर अकबर अँथनी’मुळे देशभर गाजलं, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गाण्यातून गुरूची आठवण जागवली. तरी ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे कित्येकांना आजही माहीत नाही.

चरणजित सिंग यांची गोष्टही अशीच. सिनेमाच्या वाद्यवृंदातले हे हरहुन्नरी वादक, गिटारपासून सिंथेसायझरपर्यंत. 1982 साली त्यांनी दहा राग सिंथेसायझर आणि यांत्रिक ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. फारशी खपली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडच्या तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सत्तरी गाठलेला माणूस युरोपातल्या रंगमंचांवर वाजवून आला. 2015 मध्ये ते गेले. त्यांना त्यांचं नाव हयातीत ऐकायला मिळालं, पण अठ्ठावीस वर्षं उशिरा. बाकीच्यांना तेही मिळालं नाही.

दुकान नावाची शाळा

वादकाचं नाव निदान एखाद्या तबकडीच्या पाठीवर तरी सापडतं. वाद्य विकणाऱ्या, जुळवून देणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव दुकानाच्या पाटीबरोबर पुसलं जातं. खरं तर तार दोन खुंट्यांना बांधलेली असते. एका खुंटीला वादक, दुसऱ्या खुंटीला दुकानदार. एक खुंटी सैल झाली की सूर गेला.

मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोजचा इतिहास 1865 पर्यंत मागे जातो. दादरचं हरिभाऊ विश्वनाथ 1925 पासूनचं. कोकणातून पेटी घ्यायला गेलेला भजनी बुवा दादरला उतरला की त्याची पावलं तिकडे वळत. पण वाद्य बनवणं आणि विकणं एकाच उंबऱ्यावर पाहायचं तर मिरजेला जावं. तिथली सतारमेकर गल्ली ही सगळ्या देशात प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली. हे घराणं शिकलगारांचं. म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणाऱ्यांचं. संस्थानांची शस्त्रं इंग्रजी अमलात म्यानात गेली, धार लावायला काही उरलं नाही. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गाण्याची आवड होती, गवयांची ये-जा होती. हत्यारं घासणारे हात वाद्यांकडे वळले.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला शिकलगार या शब्दापाशी थांबावंच लागतं. मूळ शब्द सैकलगर. सैकल म्हणजे धातूला घासूनपुसून चकाकी आणणं. जुन्या काळी आरसेही धातूचे असत, त्यांनाही सैकल करावं लागे. सूफी संतांनी माणसाच्या हृदयाला या धातूच्या आरशाची उपमा दिली. त्यावर गंज चढतो, आणि गंज काढण्याचं सैकल म्हणजे जिक्र. रोजाचा अर्थही आमचे वडीलधारे असाच सांगतात: पोट रिकामं ठेवणं हे साधन, मनावरचा गंज निघणं हे काम. मिरजेच्या त्या शिकलगारांनी तलवारीचं सैकल सोडलं आणि तंबोऱ्याचं धरलं. धंदा बदलला, पण नावातला अर्थ अधिकच खरा झाला.

त्या गल्लीतलं काम बघण्यासारखं असतं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ते महिनोन्‌महिने वाळवायचे. दांडीला तुणीचं लाकूड, ज्याला लाल देवदारही म्हणतात. शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसेनं इतका हलका घासायचा की तार त्याला अर्धी टेकेल, अर्धी टेकणार नाही. मग तंबोऱ्यात तारेखाली सुती किंवा रेशमी धागा सरकवत तो गुंजणारा बिंदू शोधायचा. हे मोजमापात सांगता येत नाही. कानानं कळतं, आणि कान बापाकडून मुलाकडे येतो. सरस्वतीच्या चित्रापुढे ज्या तंबोऱ्याची पूजा होते, त्याची जवारी काढणारा माणूस बहुधा जुम्म्याच्या नमाजला जाऊन आलेला असतो. मिरजेत याचं कुणाला नवल वाटत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पावणेदोनशे वर्षांनी का होईना, सरकारदरबारी त्या गल्लीचं नाव लागलं.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. गाणं तर त्यांचं थोरच, पण वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात बसलेला होता. एवढा मोठा गवई स्वतः तंबोऱ्याची जवारी बघत असे. 1937 मध्ये मद्रासकडच्या प्रवासात एका लहानशा रेल्वे स्टेशनवर त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांना मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात दफन केलं आहे. तिथल्या उरुसात दरवर्षी गवई-वादक येऊन हजेरी लावतात. त्याच उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हेही आठवणीत असू द्यावं.

आपल्या बाजारातलं दुकान

मिरज मोठी, मुंबई मोठी. पण पेण, रोहा, अलिबाग, महाड अशा कुठल्याही बाजारपेठेत वाद्यांचं एखादं अरुंद दुकान असतंच. दारात ढोलक्या टांगलेल्या, आत पेट्यांची रांग, काचेच्या कपाटात टाळ, तारांची पुडकी आणि बासऱ्या. श्रावण लागला की तिथे गर्दी. पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे रंगवून होत असतात तेव्हा या दुकानात ढोलकीची वादी ताणली जात असते, मृदंगाला शाई चढत असते, भजनी मंडळाच्या पेटीचा भाता बदलला जात असतो.

कोकणातली हवा वाद्याची शत्रू. खारं वारं तारेला गंज चढवतं, पावसाळ्यातली दमट हवा कातडं सैल करते. त्यामुळे इथला दुकानदार नुसता विक्रेता असून चालत नाही, त्याला वैद्य व्हावं लागतं. वाजवून झालं की तार कोरड्या फडक्यानं पुसून ठेव, हा त्याचा प्रत्येक गिऱ्हाइकाला दिलेला पहिला धडा. दुसरा धडा जुळवण्याचा. मुलगा गिटार घेऊन जायच्या आधी दोनदा तार उतरवून त्याच्याकडूनच लावून घ्यायची. याचे वेगळे पैसे नसतात. आज मोबाइलवर बोट फिरवलं की गिटार घरपोच येते, दुकानापेक्षा स्वस्तही. तिच्याबरोबर सगळं येतं, फक्त तो दुसरा धडा येत नाही. सहा महिन्यांनी ती गिटार भिंतीवर टांगलेली दिसते, तारांवर तांबूस गंज.

आपल्या भागातल्या बेंजोची गोष्टही स्टील गिटारसारखीच. हळदीला, गणपतीच्या मिरवणुकीला, आगरी-कोळी गाण्यांना बेंजो पार्टी हवीच. हे वाद्य आलं जपानातून. तिथे 1912 मध्ये नागोयाच्या गोरो मोरितांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणं आणि तारा एकत्र करून तायशोगोतो नावाचं वाद्य बनवलं. ते आपल्याकडे बुलबुल तरंग झालं, मग त्याला वीज जोडली आणि ते कोकणाचं बेंजो झालं. हवाईची गिटार, जपानचं बेंजो, युरोपातून आलेली पेटी. इराणी सेहतारचं नाव घेतलेली सतार. यातलं परकं कोणतं आणि आपलं कोणतं, याचा निवाडा करायला बसलो तर हळदीच्या मांडवात वाजवायला काही उरणारच नाही.

ऐकण्याचा महिना

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. तो आमच्याच घरांतला आहे. रमजानमध्ये अनेक मुस्लिम घरांत गाणी बंद असतात. संगीताबाबत उलेमांची मतं एक नाहीत. चिश्ती सूफींनी समा, म्हणजे भक्तिसंगीताचं श्रवण, जवळ केलं. दुसऱ्या काहींनी वाद्यांना साफ नकार दिला. हा वाद शेकडो वर्षांचा आहे आणि वर्तमानपत्राच्या एका पानावर तो मिटणार नाही, मिटवण्याचा माझा अधिकारही नाही. पण वाद मतांचा आहे, माणसांचा नाही. वाद्य बनवून, विकून, वाजवून ज्यांनी प्रामाणिकपणे मुलंबाळं पोसली त्यांच्याविषयी मन छोटं करायची गरज नाही. मिरजेतला कारागीर रोजा ठेवून भोपळा तासतो. त्याच्या घामाला कुणी कमी लेखू नये, आणि आपल्याच माणसांनी तर नाहीच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हा महिना आवाज बंद करण्याचा नसून कान उघडण्याचा आहे. तरावीहच्या नमाजमध्ये तासभर उभं राहून कुराणाचं पठण ऐकायचं असतं. बहुतेक मशिदींत महिनाभरात पूर्ण कुराण ऐकून होतं. ते संगीत नाही, आणि त्याला संगीत म्हटलेलं आम्हाला रुचणारही नाही. पण कुठे थांबायचं, कोणता स्वर किती लांबवायचा, श्वास कुठे घ्यायचा याचे बारीक नियम त्याला आहेत आणि ते सगळे कानातून कानात उतरतात. शेजारच्या आळीत काकड आरतीला जाणारा माणूसही कानच घेऊन जातो. ऐकायला शिकलेला माणूस भांडायला जरा उशिरा उभा राहतो, असा माझा वर्गातला आणि वर्गाबाहेरचा अनुभव आहे.

उर्दूत सोज आणि साज हे दोन शब्द जोडीनं येतात. साज म्हणजे वाद्य, सोज म्हणजे आतली जळण, होरपळ. सोज नसेल तर साज नुसतं लाकूड, आणि साज नसेल तर सोज नुसतं दुखणं. स्टील गिटारचा तो ओघळता सूर ऐकताना हे पटतं. पोलादासारखी थंड, कठीण वस्तू. तीच तारेवर ठेवली की ती माणसासारखी हेलावते. शब्द नसल्यामुळे त्या सुराला जातही नसते. ज्याचा जो शब्द, तो त्यानं भरावा.

म्हणून एक छोटीशी विनंती. ईदच्या खरेदीला बाजारात याल, तेव्हा वाद्यांच्या दुकानात दोन मिनिटं डोकावा. तिथे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, इथे पूर्वी गिटार कोण वाजवायचं, बेंजो कुणाचा गाजायचा, ढोलकीला हात कुणाचा लागायचा. जी नावं तो सांगेल ती कागदावर लिहून घ्या, आपल्या मुलांना वाचून दाखवा. पडद्यावर ती नावं आली नाहीत, तबकडीवरही आली नाहीत. आपल्या वहीत तरी ती यावीत. जिक्र याहून वेगळा काय असतो?